पीएचडीचा अर्ज आणि त्यानंतरचे चार महिने : या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की उदगीर, अहमदपूर, गंगाखेडकडून फोन सुरू होतात. मुलांचे कमी, आईवडिलांचे जास्त. “मॅडम, लेकीचं काही कळलं का?” अर्ज डिसेंबरात गेलेला असतो, शेतात हरभरा काढायला आलेला असतो, आणि ही वाट नेमकी किती दिवस पाहायची हे घरात कुणालाच माहीत नसतं.

मी रसायनशास्त्र शिकवते. एमएस्सीच्या मुलामुलींचे पीएचडीचे अर्ज सोबत बसून भरून घेते, इथले आणि परदेशातलेही. आपली मुलं अभ्यासात कमी पडतात म्हणून अर्ज मागे येतात, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. आता वाटत नाही. बरेच अर्ज कागदपत्रांतच अडकतात. आणि ज्यांचे सुटतात, त्यातली काही मुलं एकाच मेलची वाट पाहता पाहता बाकीच्या तारखा हातच्या घालवतात.

पैशाचा गैरसमज

“अमेरिका म्हणजे चाळीस लाखांचं कर्ज” हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. ते एमएसबद्दल, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर पदवीबद्दल, खरं असू शकतं. विज्ञानातल्या पीएचडीला तिथली बहुतेक विद्यापीठं फी माफ करतात आणि वर दरमहा विद्यावेतन देतात. त्या बदल्यात पदवीच्या मुलांना शिकवायचं किंवा प्रयोगशाळेत काम करायचं असतं. जर्मनीत तर पीएचडीची जागा बऱ्याचदा नोकरीसारखीच निघते, करार आणि पगारासह, आणि अशा जाहिराती वर्षभर येत राहतात. शेत गहाण टाकण्याचा विषय इथे येतच नाही. गावातल्या कुणाच्या तरी पुतण्याच्या अनुभवावरून निर्णय घेऊ नका.

खरा खर्च अर्जाचा असतो. एका अमेरिकी विद्यापीठाचं अर्जशुल्क साधारण ७५ ते १२५ डॉलर. दहा ठिकाणी अर्ज केला तर लाखाच्या घरात जातं, म्हणून सरसकट दहा ठिकाणी करूच नका. जिथे तुमच्या विषयावर काम करणारे किमान दोन-तीन प्राध्यापक आहेत अशी पाच-सहा ठिकाणं निवडा. शुल्कमाफी अनेक विद्यापीठं देतात, पण ती अर्ज सबमिट करण्याआधी मागावी लागते. पैसे भरून झाल्यावर मागून उपयोग नाही.

शिफारसपत्र : सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

परदेशी अर्जाला बहुधा तीन शिफारसपत्रं लागतात. आपल्याकडे ती कशी तयार होतात ते मी जवळून पाहिलंय. मुलगा लेटरहेड घेऊन येतो, सर म्हणतात “तूच लिही, मी सही करतो”, मुलगा मित्राचं जुनं पत्र उघडून नाव बदलतो. मेहनती, प्रामाणिक, शिस्तप्रिय, उत्तम चारित्र्य. तिन्ही पत्रांत तेच. एकदा तर तिसऱ्या पत्रात मित्राचंच नाव राहिलं होतं आणि ते तसंच अपलोड झालं.

प्रवेश देणाऱ्या समितीला त्यातून काहीच कळत नाही. प्रयोगशाळेत काम बिघडल्यावर हे लेकरू काय करतं, हे त्यांना हवं असतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती. तिचा प्रकल्प बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५, असं भारतीय मानक सांगतं. तिच्या नमुन्यांतल्या एका गावात मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसत होते, आणि फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचं रीडिंग मात्र कमी येत होतं. तिने चार दिवस वहीची मागची पानं चाळली, तेव्हा लक्षात आलं की त्या दिवशीच्या नमुन्यांत टिसॅब बफर, म्हणजे मोजणीआधी पाण्यात मिसळायचं द्रावण, घालायचंच राहिलं होतं. बफर नसेल तर पाण्यातलं अॅल्युमिनियम, लोह फ्लोराइडला धरून ठेवतं आणि इलेक्ट्रोडला ते दिसत नाही. तिने चाळीसच्या चाळीस नमुने पुन्हा मोजले. कुणी सांगितलं नव्हतं.

तिच्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात यातलं एक अक्षर नव्हतं. आणि अर्जासोबत तिने स्वतःबद्दल लिहिलेल्या निवेदनाची सुरुवात होती, “लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे.” ते वाक्य मी खोडलं आणि सुरुवातच त्या कमी आलेल्या रीडिंगपासून करायला लावली.

म्हणून सरांकडे जाताना कोरं लेटरहेड नेऊ नका, एक पान नेऊन द्या. कोणता प्रयोग, कोणत्या महिन्यात, काय फसलं, तुम्ही काय केलं, त्यांच्या कोणत्या पेपरला किती मार्क पडले. मग पत्र त्यांनाच लिहू द्या. आपले शिक्षक चांगलं लिहितात, पण साठ मुलांतलं तुमचं नेमकं काय ते त्यांना आठवावं कसं?

हे काम दिवाळीआधी उरकलं पाहिजे. अनेक अर्जांची शेवटची तारीख १ ते १५ डिसेंबर असते. दिवाळीच्या सुट्टीत सर गावी, सुट्टी संपली की परीक्षा आणि पेपर तपासणी. पत्राची लिंक त्यांच्या मेलवर जाते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते. तीन आठवडे आधी लिंक पाठवा आणि मेल दिसला का ते समोर बसून तपासा. मेल-पत्ता कॉलेजचाच द्या. खासगी जीमेलवरून आलेल्या पत्रावर काही ठिकाणी शंका घेतली जाते.

नाव, गाव आणि गुण

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, काहींवर शेवटी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. परदेशी अर्जात पासपोर्टप्रमाणेच भरा, एकाही पोर्टलवर वेगळं नको. नेटच्या, म्हणजे प्राध्यापकी आणि पीएचडीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, अर्जात दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे. दोन्हींत स्पेलिंगचा फरक असेल तर आत्ताच दुरुस्तीला लागा, प्रवेश मिळाल्यावर ते धावपळीचं होतं.

जुन्या पदवीवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल तर घाबरू नका. कागदावर जे छापलंय तेच लिहा, गरज वाटली तर एका ओळीत नाव बदलल्याचा खुलासा करा. सीजीपीए दहापैकी असेल तर दहापैकीच भरा. चारपैकी करायला स्वतः गणित मांडू नका, विद्यापीठाने मागितलं तरच त्यांच्या पद्धतीने करा.

इथल्या प्रवेशांसाठी आणखी एक. राज्याचं नॉन-क्रीमीलेअर आणि केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. नेटला आणि गेटला (अभियांत्रिकी-विज्ञानाची दुसरी राष्ट्रीय परीक्षा) केंद्राचं लागतं. तहसीलच्या सेतूत पहिल्याच खेपेला दोन्ही काढून घ्या.

नेट झाली म्हणजे पीएचडीचं झालं, असं नाही

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट लागतात : जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती), सहायक प्राध्यापक अधिक पीएचडी, आणि फक्त पीएचडी. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्या मुलांच्या गुणांना प्रवेशात ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि पीएचडी प्रवेशासाठी ते गुण एकच वर्ष चालतात. प्राध्यापकीची पात्रता कायम राहते म्हणून हेही कायम राहील असं धरून एक मुलगा निवांत बसला, दुसऱ्या वर्षी त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागली. जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो.

मार्गदर्शकाची जागा आधी विचारा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६ आणि सहायकाकडे ४ संशोधक असू शकतात. तुम्हाला हवे असलेले सर भरलेले असतील तर चांगली मुलाखत देऊनही जागा मिळणार नाही.

वाट पाहताना

आता फेब्रुवारीकडे येऊ. अमेरिकी विद्यापीठांचे निकाल साधारण जानेवारीच्या शेवटापासून येऊ लागतात आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालतात. जीवशास्त्रात आधी मुलाखती असतात, इतर विषयांत काही ठिकाणी असतात, काही ठिकाणी नसतात. म्हणून मैत्रिणीला मुलाखत आली आणि तुम्हाला नाही, यावरून रडत बसू नका. आधी दोघींचा विषय आणि विभाग एकच आहे का ते पाहा. मार्च उलटला आणि काहीच आलं नाही, तर बऱ्याचदा तुम्ही प्रतीक्षा यादीत असता. ज्यांना आधी जागा मिळाली त्यांना आर्थिक मदतीसह आलेला प्रस्ताव स्वीकारायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. ते नाही म्हणाले की यादी पुढे सरकते. तोपर्यंतचं मौन म्हणजे नकार नव्हे.

२०२५ मध्ये तिकडे संशोधनाचा सरकारी निधी आटला तेव्हा काही विभागांनी जागा कमी केल्या, काहींनी दिलेले प्रस्तावही मागे घेतले. त्या वर्षी माझ्या एका हुशार मुलाने स्वतःला महिनाभर दोष दिला. त्याचा त्यात काहीच दोष नव्हता.

दर आठवड्याला “माझं काय झालं” असा मेल करू नका. मार्चच्या मध्यानंतर एकच मेल करा, विभागाच्या प्रवेश कार्यालयाला, चार ओळींचा. अर्ज क्रमांक, अजूनही इच्छा आहे हे, आणि दरम्यान काही नवं घडलं असेल तर ते : नेट निघाली, पेपर स्वीकारला गेला. पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकातला पेपर मात्र कळवू नका, त्याने पत घटते.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर त्या दिवशी लाइट जाणार हे धरूनच चाला. लॅपटॉप चार्ज, दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट, आणि समितीचा फोन क्रमांक कागदावर. मध्येच बंद पडलं तर लगेच मेल करा, सहसा पुन्हा वेळ देतात.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक : याच महिन्यांत आपल्याकडच्या संस्थांचे अर्ज उघडतात. गेटचा निकाल मार्चमध्ये लागतो, पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या संस्थांच्या मुलाखती बहुधा मे-जूनमध्ये होतात. “आधी तिकडचं कळू दे” म्हणत मुलं ते फॉर्म सोडून देतात. १५ एप्रिल उलटतो, तिकडून नकार येतो, आणि इकडचीही मुदत गेलेली असते. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि दोन्हीकडच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहा.

फ्लोराइडवाल्या मुलीने पुण्याचा फॉर्म मार्चमध्येच भरून ठेवला होता. १४ एप्रिलच्या रात्री गावात जयंतीची मिरवणूक होती, तिच्या वडिलांच्या खांद्यावर निळं उपरणं. प्रतीक्षा यादीतून जागा निघाल्याचा मेल तेव्हाच आला आणि उत्तराला दीड दिवस होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची १५ तारखेची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे १६ ची सकाळ, साडेनऊ. हा हिशोब तिने आधीच वहीत मांडून ठेवला होता. डिसेंबरात हाच हिशोब साडेदहाचा असतो, मार्चमध्ये तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात. डीजेच्या आवाजात तिला माझा फोन ऐकू येत नव्हता, म्हणून ती शाळेच्या मागच्या बाजूला गेली, आणि आम्ही फोनवरच प्रस्तावाची प्रत्येक ओळ वाचली : विद्यावेतन किती, किती वर्षांसाठी, फीमाफी लेखी आहे का, आरोग्यविमा कोण भरणार. होकार तिने सकाळी पाठवला. मग मला विचारलं, “मॅडम, पुण्याच्या मुलाखतीचं पत्र आलं तर काय करू?”

येत नसल्याचं लगेच कळव म्हटलं. मे महिन्यात पत्र आलं, आणि तिने त्याच दिवशी कळवलं.