सर्व्हरच्या डेटा केबलला हात लावण्यापूर्वी

नाशिकमध्ये सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतील सर्व्हरची देखभाल करताना डिस्कच्या अंतर्गत केबलचा प्रश्न वारंवार समोर येतो. केबल आखूड पडते किंवा तिचा कनेक्टर नव्या कंट्रोलरला (डिस्क चालवणाऱ्या कार्डाला) बसत नाही, आणि या क्षेत्रात नव्याने आलेल्या मुलांचा हात लगेच कटर आणि सोल्डरिंग गनकडे जातो. विजेच्या तारेला जोड देता येतो. डेटा केबलला तो देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

खराब झालेली एखादी साटा केबल, म्हणजे डिस्कला जोडणारी डेटा केबल, उभी चिरून पाहावी. आत तारांच्या दोन जोड्या आणि प्रत्येक जोडीभोवती चंदेरी फॉइल दिसते. या तारांमधील अंतर आणि त्यांवरील आवरण यांच्यामुळे जोडीचा इम्पिडन्स, म्हणजे वेगवान संकेताला होणारा विरोध, सुमारे १०० ओहम राहतो. जोड दिलेल्या ठिकाणी तो बदलतो आणि सेकंदाला ६ गिगाबिट वेगाने जाणारा संकेत तेथून अंशतः मागे परततो. मल्टिमीटर मात्र अशी केबल ठीक असल्याचेच दाखवतो, कारण तो फक्त तार अखंड आहे की नाही एवढेच तपासतो.

म्हणून बदल करायचा तो योग्य केबल निवडून. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते: एका टोकाला एसएफएफ-८०८७ (चार डिस्कचे संकेत एकत्र नेणारा कनेक्टर) आणि दुसऱ्या टोकाला चार साटा कनेक्टर असलेल्या केबल दोन प्रकारच्या असतात. फॉरवर्ड केबल कंट्रोलरकडून चार डिस्ककडे जाते, तर रिव्हर्स केबल मदरबोर्डच्या चार पोर्टकडून बॅकप्लेनकडे, म्हणजे डिस्क ज्यात बसवतात त्या पाटीकडे. दिसायला दोन्ही सारख्याच असल्या तरी आतील जोडणी वेगळी असते, आणि चुकीची लावल्यास डिस्क दिसतच नाहीत. एका ग्राहकाकडे याच कारणावरून कंट्रोलर निकामी ठरवून बाजूला काढून ठेवला होता; केबल बदलताच चारही डिस्क दिसू लागल्या. साटा केबलची लांबी १ मीटरच्या आत ठेवावी आणि कनेक्टरपाशी ती काटकोनात दुमडू नये.

केबल बदलण्याआधी स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने डिस्कची माहिती काढून १९९ क्रमांकाच्या सीआरसी त्रुटींचा, म्हणजे केबलमधून जाताना डेटा बिघडल्याच्या नोंदींचा, आकडा वहीत लिहून ठेवावा. हा आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही, त्यामुळे मोठ्या फाइलची नक्कल करून तो पुन्हा पाहावा. वाढला नसेल, तरच सर्व्हरचे झाकण लावावे.