शाळेत पाठ झालेलं राजकीय मत कसं तपासावं

'स्वातंत्र्य फक्त अहिंसेने मिळालं' हे वाक्य घ्या. कागदावर लिहून 'फक्त'खाली रेघ मारा. मेख तिथेच आहे.

मग घटना तारखेने मांडा. नोव्हेंबर १९४५: लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला. १८ फेब्रुवारी १९४६: मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या नौसैनिकांचा निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीवरून संप, तो कराचीपर्यंत पसरला. शिवाय युद्धाने कर्जबाजारी झालेलं ब्रिटन. प्रत्येकीपुढे विचारा: ही वगळली तर १९४७ तसंच घडलं असतं का?

बहुतेक जण इथे घसरतात. जुनं मत डळमळलं की 'गांधींमुळे काहीच झालं नाही' हे तितकंच आयतं वाक्य उचलतात. तेही तपासा: १९२० नंतर काँग्रेस खेड्यापाड्यांत कशी पोचली? आणि बेचाळीसच्या चळवळीतून उभं राहिलेलं साताऱ्याचं प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिशांना समांतर चालवलेलं सरकार, अहिंसेच्या की सशस्त्र लढ्याच्या रकान्यात टाकाल?