उदक जाय? गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

गोव्यात नोकरीधंद्यासाठी येणारा मराठी माणूस एका समजुतीवर निर्धास्त असतो: भाषा जवळची, देव ओळखीचे, ताटात मासळी, मग परके वाटण्यासारखे उरतेच काय? वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत रुजू होणाऱ्या तरुणांकडून, आणि २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यात खोली शोधत फिरणाऱ्यांकडूनही, मी हेच ऐकत आलो आहे. घरभाडे, गॅसची नोंदणी, मुलांची शाळा यांविषयी सांगणारे त्यांना पुष्कळ भेटतात. म्हणून फोंड्यातील वीस-बावीस वर्षांच्या वास्तव्यानंतर मी वेगळ्याच गोष्टीविषयी लिहितो आहे. पहिले काही महिने लोक तुम्हांला हसतील. त्या हसण्यात सामील होणे ज्याला जमते, त्याचे बिऱ्हाड येथे लवकर बसते.

माझ्यापुरते सांगायचे, तर पहिल्याच एप्रिलमध्ये भर दुपारी घरमालकीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "पुता, उदक जाय?" उदक म्हणजे पाणी, हे मला संध्येमुळे ठाऊक होते आणि "जाय"चा अर्थ मी आमच्या कोल्हापुरी कानाने लावला. पाणी जाणार आहे, हे सांगायला बाई एवढ्या उन्हात आल्या, या कल्पनेने मी गहिवरलो, त्यांचे आभार मानले आणि धावत आत जाऊन दोन बादल्या, पिंप, कुकर, शेवटी चहाची किटलीसुद्धा भरून ठेवली. बाहेर आलो तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या; हातात गार पाण्याचा तांब्या आणि वर उपडा घातलेला पेला होता. "जाय" म्हणजे "पाहिजे", हे मला त्या दिवशी कळले. संध्याकाळपर्यंत हा किस्सा वाड्यावरच्या साऱ्या घरांत पोहोचला, आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मी काही बोलण्याआधीच विचारले, "किटली भरली मरे?" मला तेव्हा भयंकर राग आला होता. आज वाटते, की त्या वाड्यावर मला नाव मिळाले ते त्या दिवशी. तोवर मी केवळ "वरच्या खोलीतला भाडेकरू" होतो.

दूरच्या भाषेत माणूस आधीपासूनच सावध असतो. जवळच्या भाषेत तो बेसावध असताना सापडतो. बसमध्ये कोणी "राव, राव" ओरडले, की आपल्याला अदबीने हाक मारल्यासारखे वाटते, परंतु तो मनुष्य "थांब" म्हणत असतो. पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोयी ही आपली पोळी नव्हे, कोंड्याचा पाव आहे. बसथांब्यावर "पायलट घे" असा सल्ला मिळाल्यास आकाशाकडे पाहू नये. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून भाड्याने पोहोचवणाऱ्याला येथे पायलट म्हणतात. अशा चुका कागदावर लिहून ठेवाव्यात आणि आपणच आधी सांगाव्यात. स्वतःच्या फजितीचा किस्सा स्वतः सांगणाऱ्यावर हसताना ऐकणाऱ्याच्या मनात दुष्टावा राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

एकट्या राहणाऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यावे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हसण्याचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले, की माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या सुमारे ३० पट तो चारचौघांत हसतो, आणि बहुतेक हसू विनोदानंतर येतच नाही. ते "बरे, येतो मग" असल्या साध्या बोलण्यानंतर उमटते. नवीन गावी आपल्याकडून प्रथम हरवते ते हेच किरकोळ हसू. रात्री भ्रमणध्वनीवर विनोदी चित्रफिती पाहून ते भरून निघत नाही. त्यापेक्षा सकाळी पाव घ्यायला स्वतः खाली उतरावे, मासळीवालीशी भावावरून दोन वाक्ये बोलावीत, आणि ती आपल्या उच्चारांची नक्कल करू लागली तर ती पूर्ण होऊ द्यावी.

गोवेकराला थट्टेचे वावडे का नाही, याचे एक कारण तोही पिढ्यान्‌पिढ्या परगावी राहिला आहे, हे असावे. तियात्र हा कोंकणी नाट्यप्रकार आपण गोव्याचा म्हणून ओळखतो, परंतु पहिले तियात्र रंगले ते मुंबईत, १७ एप्रिल १८९२ रोजी. आणि ते उभे करणारे लुकाझिन्य रिबेरो पोटासाठी मुंबईला गेलेले गोवेकरच होते. त्या काळी खलाशी, आचारी, वाजंत्री असे गोवेकर मुंबईत गावोगावच्या "कुडीं"मध्ये, म्हणजे एका गावच्या लोकांच्या सामायिक बिऱ्हाडांत, दाटीवाटीने राहत. आज मडगावच्या रवींद्र भवनात तियात्र पाहायला गेलात, तर दोन प्रवेशांच्या मध्ये गायली जाणारी कांतारे मंत्र्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत कोणालाही सोडत नाहीत, हे दिसेल. शब्द निम्मे कळतील, तेवढे पुरतात. शेजारच्याला अर्थ विचारावा. तो सांगताना पुन्हा एकदा हसतो आणि ओळख होते.

आता जेथे जपायला हवे ते. घाटावरून आलेल्याला येथे "घाटी" म्हणतात, आणि त्या शब्दात कधी नुसती ओळख असते, कधी तुच्छता. मित्राने म्हटले, तर मी "घाट उतरून वीस वर्षे झाली, आता तरी सपाटीवरचा म्हणा" असे उत्तर देतो. अनोळखी माणसाने डिवचण्यासाठी म्हटले, तर मात्र मी हसत नाही आणि तुम्हीही हसू नये. अपमान गिळून हसण्याची सवय माणसाला आतून कडवट करते. दुसरी बाजू आपली आहे. "कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली" हे वाक्य गमतीनेही उच्चारू नये. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला, १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये ती राजभाषा झाली, १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. या सर्वांमागे घराघरांत झालेली भांडणे आहेत आणि ती पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. गोवा म्हणजे दारू, हा विनोदही घाटावरच ठेवून यावा. तो येथे प्रत्येकाने शेकडो वेळा ऐकलेला असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. एका कचेरीत मला एकाच कागदासाठी चार वेळा "फाल्यां यो", म्हणजे उद्या ये, असे सांगण्यात आले. पाचव्या खेपेस मी आत शिरताच म्हणालो, "फाल्यां आयलां," उद्या आला आहे. कारकून हसले, कागद मात्र त्या दिवशीही मिळाला नाही. फरक एवढाच पडला, की सहाव्या खेपेस त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

पहिल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी अवश्य जावे. २४ जूनला सांजाव हा ख्रिस्ती सण असतो. डोक्यावर पानाफुलांची कोपेलां घालून लोक विहिरींत उड्या घेतात आणि गावात नव्याने आलेल्या जावयाची सर्वांत अधिक थट्टा होते. तुमचे स्थान सध्या त्या जावयासारखेच आहे, तेव्हा त्याच्याकडे नीट पाहून ठेवावे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकालो होतो. अंगाला तेल चोळलेले आजोबा आणि नातू तेथे एकाच चिखलात लोळत असतात, आणि कडेला उभ्या राहिलेल्या पाहुण्याचे कपडे कोरडे राहतील याची हमी कोणी देत नाही. जुना सदरा घालून जावे आणि एक कोरडा जोड गाडीत ठेवावा.