कोडीची स्किन सपाट की उठावदार? टीव्हीसमोर बसून ठरवायची रीत

कोडी म्हणजे साठवलेले व्हिडिओ, फोटो आणि गाणी टीव्हीवर लावणारं सॉफ्टवेअर. टीव्हीला ते जोडून देण्याचं काम मी त्याचं नाव एक्सबीएमसी होतं तेव्हापासून करते आहे. २०१४मध्ये त्याचं नाव बदललं, पण मी ज्यांच्यासाठी हे करते ती माणसं तीच राहिली: गिरगावच्या चाळीतली आत्या, दादरच्या जुन्या ब्लॉकमधले मामा-मामी, मुलुंडच्या टॉवरमध्ये मुलाकडे राहायला आलेल्या शेजारच्या काकू. त्यांच्याकडे कॅसेटवरून उतरवलेली लग्नं आणि मुंजी असतात, गौरी-गणपतीचे फोटो असतात, कीर्तनांची रेकॉर्डिंग असतात. हे सगळं रिमोटच्या चार बाणांनी आणि एका ओकेने सापडलं पाहिजे. स्किन, म्हणजे कोडीच्या मेनूचं पडद्यावरचं रूप, निवडायची ती एवढ्यासाठी.

यावर मिळणाऱ्या सल्ल्याचा मला आता कंटाळा आला आहे. एक पक्ष म्हणतो, सपाट मांडणी आधुनिक आहे, तीच ठेवा. दुसरा म्हणतो, चकाकी आणि सावल्या असलेली जुनी स्किनच सोपी. दोघांनीही निर्णय स्वतःच्या लॅपटॉपवर, दोन फुटांवरून घेतलेला असतो. टीव्ही तसा कोणी बघत नाही.

पुढे मी एस्चुअरी आणि कॉन्फ्लुअन्स या दोन स्किनांबद्दल लिहिते आहे. कॉन्फ्लुअन्स २००९पासून मुळात मिळणारी स्किन होती. फेब्रुवारी २०१७मध्ये कोडी १७ आलं आणि तिची जागा एस्चुअरीने घेतली. कॉन्फ्लुअन्स उठावदार, एस्चुअरी सपाट. इतर स्किनांनाही हीच परीक्षा लागू पडते.

आधी टीव्ही सरळ करा

पडद्याच्या कडा कापल्या जात असतील, कोपऱ्यातलं घड्याळ अर्धंच दिसत असेल, तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं जे काही असेल ते लावा. कोडीतल्या झूमने हा दोष झाकू नका. त्याने फक्त मेनू आकसतो, व्हिडिओच्या कडा कापल्या जातातच.

दोन्ही स्किन बसवून घ्या

सेटिंग्ज, इंटरफेस, स्किन, मग 'गेट मोअर'. कॉन्फ्लुअन्स कोडीच्या अधिकृत साठ्यातून उतरवा. स्किन बदलली की 'हा बदल ठेवायचा का' असा प्रश्न पडद्यावर येतो आणि काही सेकंदांत उत्तर दिलं नाही तर जुनी स्किन परत येते. 'स्किन बसतच नाही' म्हणून मला येणारे निम्मे फोन या एका प्रश्नामुळे असतात. रिमोट हातात ठेवा आणि लगेच 'यस' दाबा.

लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही 'सगळं आत भरून दिलेला' कोडीचा डबा विकत घेतला असेल, तर त्यातलं पुसून स्वच्छ कोडी बसवा आणि मग या कामाला लागा. तशा डब्यात कोणती स्किन कशाने बिघडली आहे हे शोधण्यात रविवार जातो.

निवड कुठे आहे, हे दिसतं का?

सगळा वाद इथे येऊन सुटतो आणि मी सर्वांत जास्त चुकले तीही इथेच, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

टीव्हीवर माऊसचा बाण नसतो, बोटही लावता येत नाही. आपण कुठे आहोत हे सांगणारी एकच खूण पडद्यावर असते: निवडलेली ओळ किंवा निवडलेलं पोस्टर. ती खूण हरवली की माणूस हरवतो. उठावदार स्किनमध्ये ही खूण तीन-चार गोष्टी मिळून करतात. चकाकी असते, कड असते, सावली असते, शिवाय रंग असतो. सपाट स्किन चकाकी आणि सावली काढून टाकते. उरतो मुख्यतः रंग. रंग चांगला दिसत असेल तर सपाट स्किन खरोखरच स्वच्छ आणि वाचायला सोपी असते. तो दिसत नसेल तर काहीच उरत नाही.

सपाट मांडणी टीव्हीला परकी आहे, असं मात्र कोणी सांगू नये. मायक्रोसॉफ्टची मेट्रो शैली २०१०मध्ये विंडोज फोन ७ बरोबर गाजली, पण तिची मुळं आधीच्या विंडोज मीडिया सेंटरच्या आणि झून या त्यांच्याच म्युझिक प्लेअरच्या पडद्यांत आहेत. लांबून वाचायची मोठी, साधी अक्षरं ही टीव्हीचीच गरज होती. २०१३मध्ये आयफोनचं आयओएस ७ आलं आणि सपाटपणाची लाट सगळीकडे पसरली. पुढच्याच वर्षी गूगलने मटेरियल डिझाइन आणलं. त्यात रंग सपाट ठेवले, पण सावली विचारपूर्वक परत आणली. कोणती गोष्ट वर आहे आणि कोणती खाली, हे डोळ्याला सावलीने चटकन कळतं म्हणून.

आता आत्याचं सांगते. तिच्याकडे मी एस्चुअरी लावून दिली, कारण मला ती आवडायची. त्यानंतर रोज संध्याकाळी फोन. "अगं, ते निळं कुठे गेलं?" मी अक्षरं मोठी केली, सरकत्या हालचाली बंद केल्या, नको ते मेनू काढले. तीन रविवार गेले. फोन थांबेनात. चौथ्या रविवारी मी संध्याकाळी सहाला तिच्या खाटेवर, तिच्याच जागी बसले तेव्हा कळलं. गॅलरीचं दार आणि आतली ट्यूबलाइट, दोन्हींचं प्रतिबिंब पडद्याच्या डाव्या बाजूला पडत होतं. एस्चुअरीचा मेनू उभा आणि डावीकडेच असतो. तिला दिसायला हवी ती एकच पट्टी नेमकी त्या उजेडाखाली होती. मी दर वेळी सकाळी, टीव्हीसमोर उभी राहून तपासत होते. मला कसं दिसणार?

त्यात आणखी एक अडचण. आत्याचं वय ऐंशीच्या पुढे आहे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश कमी आत येतो. गडद निळ्यावरची निळी पट्टी मला ठळक दिसत होती, तिला ती अंधारातली थोडी कमी अंधारी जागा वाटत होती. चुकून उजवा बाण दाबला गेला की निवड पोस्टरांच्या रांगेत जायची, आणि तिथे खूण म्हणजे पोस्टरभोवतीची एक चौकट. मग तर तिला काहीच सापडायचं नाही.

कॉन्फ्लुअन्समध्ये मुख्य मेनू आडव्या पट्टीत असतो आणि निवडलेला शब्द कायम मधोमध राहतो. बाण दाबला की पट्टी सरकते, निवड जागची हलत नाही. मला स्वतःला हे जुनाट वाटायचं. आत्याला एकदा सांगितलं, "मधला शब्द बघ आणि ओके दाब," आणि फोन थांबले. तिच्या खोलीत पडद्याचा मधला भाग उजेडापासून मोकळा होता, हेही तितकंच खरं.

तर परीक्षा अशी घ्या. रोज टीव्ही बघण्याची जी वेळ असेल त्याच वेळी जा. दिवे रोजचेच ठेवा. दार उघडं असेल तर उघडंच. रिमोट जिच्या किंवा ज्याच्या हातात असतो त्या माणसाला त्याच्या जागी बसवा आणि तुम्ही शेजारी बसा, टीव्हीजवळ उभं राहू नका. त्यांना डोळे मिटायला सांगा, तुम्ही बाण चार-पाच वेळा दाबा, मग डोळे उघडून विचारा: आता निवड कशावर आहे? उत्तर एका श्वासात आलं पाहिजे. दहा वेळा करा. दोनदा जरी नजर शोधत फिरली, तरी ती स्किन त्या घरासाठी नाही. "सवय होईल" हे वाक्य बोलू नका. मी ते तीन रविवार बोलत होते आणि सवय झाली नाही.

टीव्हीच्या मांडणीला दहा फुटांवरून वापरायची मांडणी म्हणतात, ते गृहीत धरू नका. लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत खाट आणि टीव्ही यांत पाच-सहा फूट असतात आणि तिथे एस्चुअरीची अक्षरं पुरेशी मोठी पडतात. पण त्याच घरात स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून तिरकं बघणारं माणूसही असतं. परीक्षा त्या जागेवरूनही घ्या.

मुलुंडच्या काकूंकडे निकाल उलटा लागला. तिथे पडदे ओढलेले, मोठा टीव्ही, समोर सोफा, प्रतिबिंब नाही. कॉन्फ्लुअन्समध्ये यादीमागचं चित्र अर्धपारदर्शक पट्ट्यांतून डोकावत होतं आणि त्यावरची नावं त्यांना वाचता येईनात. एस्चुअरी दहापैकी दहा. तिथे मी एस्चुअरीच ठेवली आणि ती योग्यच आहे.

रंग तपासा, पण डोळ्याने नाही

सपाट स्किन ठेवणार असाल तर ही पायरी चुकवू नका. फोनच्या कॅमेऱ्याने टीव्हीचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. त्या फोटोत निवडलेली ओळ लगेच ओळखता आली तर रंग ठीक आहे. नाही आली, तर तुमची स्किन फक्त रंगाच्या फरकावर उभी आहे, उजेडाच्या फरकावर नाही, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना ती दगा देणार. वेबच्या सुलभतेच्या निकषांत, २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१मध्ये, अशा खुणांसाठी किमान ३:१ आणि साध्या मजकुरासाठी ४.५:१ इतका उजेडाचा फरक मागितला आहे. टीव्हीसाठी मी तो आकडा खालची मर्यादा समजते, कारण खोलीतला उजेड पडद्यावर पडला की फरक आणखी घटतो.

एस्चुअरीत रंग बदलायची सोय स्किनच्या त्याच पानावर 'कलर्स'मध्ये आहे. एकेक रंग लावा, फोटो काढा, बघा. आवडीचा रंग घेऊ नका, फोटोत उतरणारा घ्या. शेजारच्या 'थीम'मध्ये 'फ्लॅट' नावाचीच एक थीम आहे. परीक्षेत काठावर पास झालेल्या घरात तिच्या वाटेला जाऊ नका.

मराठी अक्षरं

फायलींची नावं मराठीत असतील आणि त्यांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर 'फाँट्स'मध्ये स्किनचा फाँट सोडून एरियलवर आधारित असलेला निवडा. मग जोडाक्षरं असलेली नावं उघडून बघा: 'सत्यनारायण', 'मुंज – प्रथमेश', 'दत्तजयंती कीर्तन'. अक्षरं तुटून किंवा वेलांटी भलतीकडे दिसली तर आधी कोडी नव्या आवृत्तीवर न्या. तरीही सुधारलं नाही, तर नावं रोमन लिपीत करून टाका. वाचता न येणाऱ्या मराठीपेक्षा 'दत्त जयंती' रोमनमध्ये लिहिलेलं बरं, असं मी नाइलाजाने म्हणते.

एस्चुअरीत याद्यांसाठी 'वाइडलिस्ट' हे दृश्य लावा. डावा बाण दाबल्यावर उघडणाऱ्या पट्टीत ते सापडेल. पोस्टरांच्या भिंतीवर घरच्या व्हिडिओंना काही अर्थ नसतो. मुंजीला पोस्टर कुठून येणार?

नको ते मेनू काढा

दोन्ही स्किनांत ही सोय आहे. हवामान, रेडिओ, गेम्स, संगीताचे व्हिडिओ, सगळं बंद. आत्याच्या मेनूत चारच शब्द आहेत.

दोन माणसं, दोन आवडी

घरात नातू सपाट मागतो आणि आजी उठावदार, असं होतंच. कोडीत प्रत्येक प्रोफाइलला वेगळी स्किन ठेवता येते, म्हणून लोक दोन प्रोफाइल करतात आणि सुरू होताना 'तुम्ही कोण' हे विचारणारा पडदा लावतात. मी ते कधीच करत नाही. आजीच्या वाटेत त्याने एक पायरी वाढते आणि तीही अशा पडद्यावर जिथे निवड पुन्हा शोधावी लागते. आजीची प्रोफाइल आपोआप सुरू होऊ द्या. नातवाला स्वतःच्या प्रोफाइलवर जायला दहा सेकंद लागतील, ते त्याला जमतं.

शेवटी जतन करा

सगळं जमल्यावर कोडीच्या 'युजरडेटा' फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. स्किनच्या सेटिंगची फाइल त्यातच 'अॅडऑन डेटा'खाली असते. एक आठवड्याने त्याच वेळी पुन्हा जा आणि दहा वेळांची परीक्षा परत घ्या. पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की आणखी एकदा. गिरगावात त्या दिवसांत ऊन गॅलरीतून थेट भिंतीपर्यंत येतं, आणि मागच्या वर्षी मला टीव्ही एक हात उजवीकडे सरकवावा लागला होता.