डोंगरातली शर्यत: आधी उतरायला शिका

रस्त्यावर २१ किलोमीटर आरामात पळणारी माणसं डोंगरातल्या पहिल्या शर्यतीत दमतात ती बहुतेक उतारावर. माझं तसंच झालं. चाळिशी ओलांडल्यावर मी पहिली २५ किलोमीटरची शर्यत पळाले. चढ वेळेत संपवला, पण घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या दगडमातीच्या, सोंडेवरून टाचा रोवत, अंग मागे टाकत उतरले. शेवटच्या सपाटीवर मांड्या उचलेनात आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. म्हणून आमच्याकडे सरावाला नव्यानं येणाऱ्याला मी आधी उतरायला लावते.

पुण्यात राहणाऱ्यांना सरावासाठी सिंहगडासारखी जागा नाही. आतकरवाडीतून पुणे दरवाजापर्यंतची पायवाट जेमतेम तीन किलोमीटरची, चढ मात्र साडेपाचशे-सहाशे मीटरच्या घरातला. तीन महिने हाताशी ठेवा. आठवड्यातून एकदा गड, दोनदा सपाटीवर सावकाश पळणं, एकदा जिने आणि बैठका. गडावर गेलात की चढ चालतच चढा, हात गुडघ्यांवर टेकवून. शर्यतीतही बहुतेक सगळे चढ चालतच चढतात. वेळ बघायची ती उतरतानाची.

उतरायचं कसं, हे मी गडावरच्या दहीवाल्या मावशींकडून शिकले. संध्याकाळी रिकामी भांडी पाटीत घालून त्या माझ्या पुढून उतरत होत्या, पायात साध्या चपला. त्यांचं पाऊल वीतभर पुढे पडत होतं, गुडघा कधीच ताठ होत नव्हता, आणि डोक्यावरची पाटी हलत नव्हती. मी घसरले तशा वळून म्हणाल्या, "ताई, ढांगा नका टाकू लांब. बारीक बारीक पाय टाका, आपसूक बसतोय." मी आजही तेच सांगते. पावलं लहान आणि भराभर, छाती किंचित पुढे, हात मोकळे, नजर तीन-चार पावलं पुढे. मुरमावर पाय थोडा सरकला तर सरकू द्या. दचकून मागे रेललात की बसकण ठरलेली. डिसेंबरात आडवं पडलेलं वाळकं गवत मुरमापेक्षाही निसरडं असतं, तिथे पक्का रुतलेला दगड शोधून पाय द्या.

उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पण एकदा ते सोसलं की पुढच्या खेपेला तोच उतार कमी दुखवतो, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. त्यामुळे शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी करा. नंतर फक्त हलकं पळणं.

नाव नोंदवताना अंतराबरोबर एकूण चढाई बघा. गिर्यारोहकांचा जुना हिशेब आहे: ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. २५ किलोमीटर आणि १२०० मीटर चढाई म्हणजे चालत सात तास. तुम्ही लवकर पोचाल, पण खाणं-पाणी सात तासांच्या हिशेबानं ठरवा. दर अर्ध्या तासाला थोडं खा: राजगिऱ्याची चिक्की, खजूर, अर्धं केळं. जे सरावात पचलं तेच शर्यतीत. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच घाला, घट्ट करू नका. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होऊन मळमळतं, गरगरतं.

बुटांच्या तळाला खोल खाचा हव्यात आणि बोटांपुढे अंगठाभर जागा. नखं तीन-चार दिवस आधी कापा. सोबत शिट्टी, चार्ज केलेला हेडलॅम्प, टोपी. पहाटे डोंगराच्या धारेवर बोचरी थंडी असते. अकरानंतर राजगड-तोरण्यामधल्या उघड्या धारेसारख्या जागी सावलीचा पत्ता नसतो.

सुरुवातीला सगळे सुसाट सुटतात. तुम्ही सुटू नका. वाटेवर बांधलेली खुणेची रिबीन बराच वेळ दिसली नाही तर पुढे अंदाजानं जाऊ नका, शेवटची दिसली होती तिथे परत या. अत्तर लावून येऊ नका आणि कड्याखाली आरडाओरडा करू नका. आग्या मोहळं उठली तर पळायलाही वाट नसते. कोणी पडलेलं दिसलं तर मदत येईपर्यंत त्याच्यापाशी थांबा. तुमची वेळ गेली तरी चालेल. चिक्कीचा कागद खिशात.

आणि शेवटचा मोठा उतार लागण्याआधी एक मिनिट बसा. बुटातला खडा काढा, टाच मागे दाबून घ्या, नाडी घोट्यापाशी आवळून बांधा, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. दोन घोट पाणी प्या. मग बारीक पावलांनी सुटा.