इटालियनमधले जुने 'इथे-तिथे': या चुका टाळा

इटालियनमध्ये 'इथे'साठी क्वी आणि क्वा, 'तिथे'साठी ली आणि ला, एवढ्यावर रोजचं बोलणं भागतं. घोळ सुरू होतो तो शब्दकोशात कोस्ती, कोला, क्वीवी, ईवी भेटायला लागले की. बहुतेकांपुढे 'तिथे' असंच छापलेलं असतं, मग वाक्य भारदस्त व्हावं म्हणून हाताला येईल तो शब्द उचलला जातो.

सर्वांत जास्त फसवतो कोस्ती. हा तोस्कानाचा, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांताचा शब्द, अर्थ ऐकणाऱ्याची जागा. फ्लॉरेन्सची एखादी आजी फोनवर 'के तेम्पो फा कोस्ती?' म्हणाली, तर ती 'तुमच्याकडे हवा कशी आहे?' असं विचारतेय. आपलं 'तुमच्याकडे' लक्षात ठेवलंत तर चूक होणार नाही. 'वेंगो कोस्ती' म्हणजे 'तुझ्याकडे येतो', पण 'इकडे ये' सांगायला 'व्येनी क्वी'च हवं. दोघांपासून लांबच्या जागेलाही कोस्ती नको. मिलानमध्ये तर तो बोलूच नका, ऐकणारा गोंधळेल. याचाच भाऊबंद कोदेस्तो मात्र सरकारी पत्रांत अजून देशभर दिसतो: 'कोदेस्तो उफ्फीचो', म्हणजे 'आपले कार्यालय'.

दक्षिणेतही ऐकणाऱ्याच्या जागेला वेगळा शब्द आहे. नेपल्सच्या बोलीत ल्लोको, सिसिलीत द्दोकु. ऐकून ओळखा, पण प्रमाण इटालियनमध्ये मिसळू नका.

कोला आज बहुधा थट्टेत किंवा मुद्दाम जुनाट बोलताना येतो. जुना इटालियन कवी दान्ते याच्या 'नरक' या काव्यभागाच्या तिसऱ्या सर्गात तो आहे आणि क्वीवीही आहे. म्हणून ते ई-मेलमध्ये शोभतीलच असं नाही.

जुनं वाचताना क्वींदी जपून. आज त्याचा अर्थ 'म्हणून', पूर्वी 'तिथून'. वाक्य मध्येच निरर्थक वाटलं तर आधी हाच शब्द तपासा. ओंदेचंही तसंच: 'जिथून', 'ज्यामुळे', आणि भरीला 'लाटा'सुद्धा.

ईवी मात्र जिवंत आहे, पण कागदावर. 'नातो आ रोमा ए ईवी रेसिदेंते' म्हणजे जन्म रोममध्ये आणि राहायलाही तिथेच. अर्ज भरताना ईवी हे गावाचं नाव समजू नका. कॉफीच्या दुकानाबद्दल बोलताना ली पुरे.

लिहिताना एक बारीक गोष्ट: ली, ला, कोस्ती, कोला यांच्या शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह लागतं, क्वी आणि क्वावर नाही. चिन्ह विसरलं की ली होतो 'त्यांना' आणि ला होतं स्त्रीलिंगी उपपद.