वर्गात ट्रान्स विद्यार्थी असेल तर: जिल्हा परिषद आणि पालिका शाळांतल्या शिक्षकांसाठी

जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारं लिंग वेगळं असेल तर त्या व्यक्तीला ट्रान्स म्हणतात. तास संपल्यावर असं एखादं मूल मागे रेंगाळतं आणि म्हणतं, "बाई, मी मुलगा नाहीये." अशा वेळी तीनच गोष्टी विचारायच्या. तुला कोणत्या नावाने हाक मारू? हे आणखी कोणाला माहीत आहे आणि कोणाला कळलेलं चालणार नाही? शाळेतली रोजची सगळ्यात अवघड वेळ कोणती? एवढं पुरतं. "कधीपासून?", "नक्की ना?", "पुढे ऑपरेशन करणार का?" हे प्रश्न आपल्या कुतूहलाचे आहेत, त्या मुलाला त्यांचा काही उपयोग नाही.

मूल काहीच बोललं नसेल तर आपण त्याच्यावर ट्रान्स असा शिक्का मारायचा नाही. रांगोळी सुरेख काढणारा, नाचणारा मुलगा किंवा केस बारीक कापून क्रिकेटमध्ये रमणारी मुलगी ट्रान्स असेलच असं नाही. "तू तसा आहेस का?" हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी मुलाला उघडं पाडतो. मूल सांगेल तेव्हा त्याला आपल्यापर्यंत येता यावं, एवढी वाट मोकळी ठेवायची.

घरी फोन करण्याआधी थांबा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. शिक्षक काळजीपोटी पालकांना बोलावतात आणि त्याच संध्याकाळी मुलाला मार बसतो. शाळा बंद होते, भगताकडे नेलं जातं, घरचे ज्याला मुलगी समजतात त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून मुलाच्या संमतीशिवाय घरी काहीही कळवायचं नाही. स्टाफरूममध्येही बोलायचं नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर नवीन नावानिशी फोटो टाकायचा नाही, कारण बातमी बहुधा तिथूनच फुटते.

तरीही "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्यालाही शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखाला ती अधिक आहे. जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प बसता येत नाही. हे दोन अपवाद मुलाला सुरुवातीलाच सांगा म्हणजे पुढे त्याला फसवल्यासारखं वाटत नाही. मग एकत्र बसून ठरवा: वर्गात कोणतं नाव, प्रगतिपुस्तकावर कोणतं, घरी फोन लावला तर कोणतं. बदली शिक्षकाने चुकून दुसरं नाव घेतलं तर काय करायचं, हेही ठरवून ठेवा.

नाव आणि क्रियापद

मराठीत नाव बदललं की काम संपत नाही, कारण लिंग क्रियापदात बसलेलं असतं. मूल "मी जाते" म्हणालं आणि आपण "जाते नाही, जातो म्हण" असं भर वर्गात दुरुस्त केलं, की पुढची दोन वर्षं ते मूल हात वर करत नाही. ही व्याकरणाची चूक नाही. मूल स्वतःबद्दल जसं बोलतं तसंच आपण त्याच्याशी बोलायचं.

अडचण येते ती मुलाने एकट्या आपल्याला सांगितलेलं असतं आणि वर्गाला कळू द्यायचं नसतं तेव्हा. त्यासाठी मराठीतच सोयीची रूपं आहेत. आज्ञार्थात लिंग नाही: ये, बस, वाचून दाखव. भविष्यकाळात नाही: तू उद्या करशील का? कर्म असलेल्या भूतकाळात बहुतेकदा नाही: गृहपाठ केलास का, धडा वाचलास का, तुला समजलं का? "तुम्ही आलात" हे अनेकवचनही कोणालाही चालतं. जपायचं ते "येतोस-येतेस", "आलास-आलीस" या जोड्यांना. आठवडाभर सराव केला की जीभ वळते. चुकलं तर लगेच दुरुस्त करून पुढे जा. लांबलचक माफी मागितली की सगळा वर्ग वळून बघतो.

एक मात्र कटाक्षाने टाळा. अशा मुलाला उद्देशून "ते आलं", "ते बसलंय" असं नपुंसकलिंग वापरू नका. मूल लहान असताना ते मायेचं असतं, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाबद्दल ते टिंगलीचं हत्यार होतं आणि पोरांना ते बरोबर कळतं.

मुलं-मुली अशा रांगा, बाक आणि गट हाही रोजचाच छळ असतो. परिपाठाला उंचीप्रमाणे रांग लावा, गट हजेरी क्रमांकाने पाडा: सम एकीकडे, विषम दुसरीकडे. कोणाकडे बोट न दाखवता अर्धं काम होतं.

रजिस्टर आणि दाखला

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १३ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता सर्वसमावेशक शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यायची आहे. तोंडी हाक, वहीवरचं नाव, बाकावरची जागा यांसाठी कोणताही दाखला लागत नाही. "आधी प्रमाणपत्र आण" असं सांगून हाकेचं नाव अडवून धरणं चूक आहे.

शाळेच्या प्रवेशनोंदींच्या जनरल रजिस्टरचं मात्र वेगळं आहे. तिथली नोंद मुख्याध्यापकांनी आपल्या पेनाने खोडायची नसते, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलाचा तृतीयपंथी ओळखीच्या सरकारी प्रमाणपत्राचा अर्ज पालकांमार्फत जातो, त्यामुळे घर सोबत नसेल तर हा रस्ता तूर्त बंद समजा आणि मुलाला तसं खरं सांगा. घर सोबत असेल तर अर्जाच्या दिवशी लागू असलेले नियम जिल्हा समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. एकटा एकच कागद बदलू नका. आधार आणि शाळेची नोंद जुळली नाही की यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर पडताळणी अडकते. हे सगळं दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी व्हावं, कारण बोर्डाच्या प्रमाणपत्रावर छापलेलं नाव नंतर बदलणं फार दमवणारं असतं.

स्वच्छतागृह

दिवसभर पाणी न पिणारं, मधल्या सुट्टीत घरी पळणारं आणि परत न येणारं मूल हजेरीपटात शोधा. दुपारची गैरहजेरी सलग दिसली तर कारण स्वच्छतागृह असू शकतं. लघवी धरून ठेवल्याने जंतुसंसर्ग होतो, पोट दुखतं आणि आपण त्याला अभ्यासाचा कंटाळा म्हणतो.

नवीन बांधकामाची वाट बघू नका. बऱ्याच शाळांत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी रॅम्पचं स्वच्छतागृह असतं आणि त्याला कुलूप असतं. ते उघडा, आतून कडी नीट लागते का बघा, पाण्याची सोय करा आणि झाकणाची कचरापेटी ठेवा. पाळी येणाऱ्या ट्रान्स मुलग्याला ती पेटी लागतेच. किल्ली ऑफिसात ठेवू नका. दरवेळी सगळ्यांसमोर मागावी लागली तर मूल ती मागतच नाही. ही जागा कोणालाही वापरता येईल अशी ठेवा आणि ती वापरण्याची सक्ती करू नका. सक्ती झाली की त्या दाराला लगेच नाव पडतं.

गणवेशासाठी केरळमधल्या वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेचं उदाहरण शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. तिथे मुलं-मुली सगळ्यांनाच शर्ट आणि गुडघ्याखालपर्यंतची पँट आहे. एका मुलासाठी सवलत मागितली की वाद होतो, पण "सायकल चालवायला, खेळायला सोपं" म्हणून सगळ्यांना पर्याय दिला की मातापालकच पाठिंबा देतात. केसांवरून वर्गाबाहेर उभं करणं हा मानसिक छळ आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने तो निषिद्ध आहे. सहलीच्या मुक्कामात कोणासोबत झोपायला सुरक्षित वाटेल, हे मुलाला आधी विचारा.

चिडवणं

"बायल्या", "छक्का" हे शब्द कानावर पडले की त्याच क्षणी थांबवा आणि शब्दाचं नाव घेऊन थांबवा. "गप्प बसा रे" म्हटलं तर आवाज थांबतो, शब्द तसाच राहतो. चिडवणाऱ्याशी नंतर एकट्याने बोला. दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावू नका, त्याची वसुली शाळा सुटल्यावर होते. तारीख, जागा, शब्द, कोण होतं आणि आपण काय केलं, एवढं वहीत लिहून ठेवा. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीकडे ही नोंद नेता येते. पण समितीत गावातलीच माणसं असतात, म्हणून तिथे घटना सांगा, मुलाची ओळख सांगू नका. स्वच्छतागृहात अंगाला हात लावणं ही चेष्टा नाही, ते पॉक्सोचं प्रकरण आहे.

मूल खचलेलं दिसलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक द्या. पहिला फोन शाळेतूनच, आपल्या शेजारी बसून करू द्या. समुपदेशक "यातून बाहेर काढतो" म्हणाला तर तिथे पाठवू नका. ओळख बदलण्याचे असे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

पालकांना सांगायची तयारी मुलाने दाखवली तर आधी घरातलं एक मवाळ माणूस शोधा. बहुधा आजी, मावशी किंवा मोठी बहीण असते. पहिल्या भेटीत अभ्यास, हजेरी आणि मुलाचे गुण यांवर बोला, ओळखीचा विषय मुलालाच काढू द्या. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न येणारच. तेव्हा कायदा सांगत बसण्यापेक्षा "शाळेत आम्ही आहोत, शाळा बंद करू नका" हे वाक्य जास्त कामाला येतं. मुलाला घराबाहेर काढलं तर त्याच दिवशी बाल कल्याण समितीला कळवा.

सातवी-आठवीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जातं आणि दाखल्यावर जुनं नाव जातं. मे महिन्यातच मुलाला विचारा: तिथे कोणाला सांगू, की नको? हो म्हणालं तर नवी शाळा सुरू होताच पहिल्या आठवड्यात नव्या वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटून हाकेचं नाव आणि स्वच्छतागृहाची सोय एवढंच सांगा. चिठ्ठी देऊ नका, ती फाइलला लागते.